आरंभाकडे परतणे : आनापानस्मृती आणि दीर्घ साधनेचा प्रश्न

प्रस्तावना

बौद्ध ध्यानसाधनेविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात साधनेच्या आरंभाची वर्णने पुष्कळ आढळतात. पहिल्या शिबिरातील मौन, दुखणारे गुडघे, सैरावैरा धावणारे मन आणि काही दिवसांनी लाभणारी स्वस्थता यांविषयीची अनुभवकथने वाचकांच्या परिचयाची आहेत. निर्वाण, अर्हत्पद, विमुक्ती या अंतिम फलाविषयीही तात्त्विक विवेचन भरपूर झाले आहे. या दोन टोकांमधील प्रदीर्घ काळ मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. दहा, पंधरा, वीस वर्षे नेमाने साधना करणाऱ्या माणसाचे पुढे काय होते, या प्रश्नाची चर्चा क्वचितच होते.

या मधल्या काळात एक अवस्था अनेकदा येते. साधकाला निरनिराळ्या पद्धती अवगत झालेल्या असतात. संवेदनांचे निरीक्षण, मैत्रीभावना, धातूंचा विचार हे सारे त्याच्या सरावाचे झालेले असते. बसण्याचा नेम मोडलेला नसतो. परंतु नेम पाळला जात असतानाच लक्ष कुठेतरी निसटलेले असते. अशा वेळी पहिल्या दिवशी मिळालेली सूचना, म्हणजे श्वास आत येतो आहे आणि बाहेर जातो आहे एवढेच जाणण्याची सूचना, पुन्हा हाती घ्यावी असे त्याला वाटू लागते. त्याच वेळी एक संकोचही उभा राहतो. इतक्या वर्षांनी पुन्हा पहिला धडा गिरवावयाचा, तर मधली वर्षे कोणत्या हिशेबात धरावयाची?

हा संकोच वैयक्तिक दिसत असला तरी त्यामागे साधनेविषयीची एक विशिष्ट कल्पना आहे. साधना हा जिना आहे, आनापानस्मृती ही त्याची पहिली पायरी आहे आणि ओलांडलेल्या पायरीवर पुन्हा उतरणे ही अधोगती आहे, अशी ती कल्पना होय. प्रस्तुत लेखात या कल्पनेची चिकित्सा पाली सुत्तांच्या रचनेच्या आधारे करण्याचा प्रयत्न केला आहे. सुत्तांमध्ये श्वासाचे स्थान पायरीपेक्षा पायासारखे अधिक आहे. पायरी ओलांडली की मागे पडते. पाया वरच्या मजल्याखालीही असतोच. हे मान्य केल्यास दीर्घ साधनेनंतर आरंभाकडे परतण्याचा अर्थ बदलतो, असे येथे प्रतिपादन आहे.

'सति' : स्मरण आणि भान

विवेचनाचा आरंभ शब्दापासून करणे उचित ठरेल. टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या सुत्तांच्या अनुवादात पाली 'सति' या शब्दासाठी इंग्रजीत 'माइंडफुलनेस' हा शब्द योजला आणि पुढे तोच रूढ झाला. १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात तणावनिवारणाचा अभ्यासक्रम सुरू केल्यानंतर हा शब्द आरोग्य, व्यवस्थापन आणि शिक्षण या क्षेत्रांत पसरला. या प्रवासात त्याचा भर वर्तमान क्षणाकडे निरपेक्षपणे लक्ष देण्यावर स्थिरावला. मराठीत त्यासाठी 'सजगता', 'जागरूकता', 'सावधानता' असे प्रतिशब्द आले. हे प्रतिशब्द चुकीचे नाहीत; मात्र त्यांतून मूळ शब्दातील एक महत्त्वाचा अर्थ गळून पडला आहे.

'सति' हे संस्कृत 'स्मृति' या शब्दाचे पाली रूप होय. संयुत्तनिकायातील इंद्रियसंयुत्तात सति-इंद्रियाचे लक्षण सांगताना पूर्वी केलेले आणि पूर्वी बोललेले आठवण्याच्या सामर्थ्याचा स्पष्ट निर्देश आहे. येथे प्रश्न उपस्थित होतो की, वर्तमान श्वास जाणण्याच्या साधनेत स्मरणाचे काय काम? याचे उत्तर साधनेच्या प्रत्यक्ष व्यवहारात सापडते. श्वास जाणण्यासाठी बसलेला माणूस थोड्याच वेळात आपण कशासाठी बसलो आहोत हेच विसरतो. मन कचेरीत, घरात, जुन्या भांडणात जाऊन पोहोचते. मग केव्हातरी त्याला आठवते. हे आठवणे म्हणजे 'सति'. याचाच अर्थ असा की, विस्मरण हे या साधनेत गृहीतच धरलेले आहे आणि परतणे हे 'सति'चे नित्याचे कार्य आहे. वीस श्वासांनंतर परतणे आणि वीस वर्षांनंतर परतणे या दोहोंत काळाचे अंतर मोठे आहे. क्रिया मात्र एकच आहे.

मराठीत बौद्ध वाङ्मयाचा पाया घालणाऱ्या धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांच्या पिढीने 'स्मृति' हा तत्सम शब्द जपला होता. गोव्यातील सांखवाळ येथे जन्मलेल्या आणि १९०२ साली श्रीलंकेत श्रामणेर-दीक्षा घेतलेल्या कोसंबींनी 'समाधिमार्ग' (१९२५) या ग्रंथाद्वारे बौद्ध ध्यानपद्धतींची ओळख मराठी वाचकांना करून दिली. तथापि पुढील काळात 'स्मृती' या शब्दाला मराठीत दुसरे वजन आले. एकीकडे तो स्मृतिदिन, स्मृतिग्रंथ यांसारख्या शब्दांत गत व्यक्तीच्या आठवणीशी जोडला गेला. दुसरीकडे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाल्यानंतर महाराष्ट्रातील बौद्ध वाचकाच्या मनात या शब्दाभोवती एक वेगळाच इतिहास उभा राहिला. नव्या अनुवादकांना 'सजगता' हा शब्द जवळचा वाटावा, हे यामुळे समजण्याजोगे आहे.

असे असले तरी मराठी भाषेने हरवलेला अर्थ अन्यत्र सांभाळून ठेवला आहे. 'भान' या शब्दाचे प्रयोग पाहिले तर हे ध्यानात येते. भान सुटते, भान हरपते आणि माणूस पुन्हा 'भानावर येतो'. 'सजग होणे' या प्रयोगात मागे वळण्याची छटा नाही. 'भानावर येणे' या प्रयोगात ती अनिवार्यपणे आहे. भानावर येणारा कोठूनतरी परत आलेला असतो. 'नामस्मरण' या शब्दातही स्मरण म्हणजे विसरलेले एकदा आठवणे नव्हे, तर त्याच एका ठिकाणी पुनःपुन्हा येणे असा अर्थ आहे. वारकरी परंपरेचे तत्त्वज्ञान आणि बौद्ध तत्त्वज्ञान यांतील भेद येथे पुसावयाचा नाही. मराठी वाचकाला 'सति'चा अर्थ कळण्यासाठी लागणारी भाषिक सामग्री त्याच्या बोलण्यातच उपलब्ध आहे, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

सुत्ताची रचना काय सांगते?

आनापानस्मृती हा केवळ नवशिक्यांचा अभ्यास आहे, या समजाची परीक्षा मज्झिमनिकायातील आनापानसतिसुत्ताच्या आधारे करता येते. या सुत्ताची पार्श्वभूमी लक्षणीय आहे. श्रावस्तीच्या पूर्वारामात वर्षावासाची अखेर झालेली आहे. सारिपुत्त, महामोग्गल्लान, महाकस्सप, अनुरुद्ध, आनंद असे ज्येष्ठ भिक्षू नव्या भिक्षूंना दहा, वीस, तीस, चाळीस यांच्या गटांत शिकवीत आहेत. भगवान बुद्ध आणखी एक महिना तेथेच थांबतात आणि कोमुदी पौर्णिमेच्या रात्री जमलेल्या संघापुढे बोलतात. या संघात अर्हत आहेत, अनागामी आहेत, निरनिराळ्या भावनांचा अभ्यास करणारे भिक्षू आहेत, याची त्या उपदेशातच नोंद घेतली आहे. अशा परिपक्व सभेपुढे विषय निवडला जातो तो श्वासाचा. हा उपदेश केवळ नवागतांसाठी असता तर तो ज्येष्ठांनी आपापल्या गटांतच उरकला असता.

सुत्तातील सोळा टप्प्यांची मांडणी याहून अधिक बोलकी आहे. हे टप्पे चारांच्या चार गटांत येतात आणि ते काया, वेदना, चित्त व धर्म या चार स्मृतिप्रस्थानांशी जोडले जातात. दीर्घ श्वास व ऱ्हस्व श्वास या पहिल्या दोन टप्प्यांना 'पजानाति' म्हणजे जाणतो, हे क्रियापद आहे. उरलेल्या चौदा टप्प्यांना 'सिक्खति' म्हणजे शिकतो, अभ्यास करतो, हे क्रियापद आहे. सामान्य अपेक्षा अशी की, माणूस आरंभी शिकतो आणि अखेरीस जाणतो. येथे क्रम उलट आहे. आरंभी साधे जाणणे आहे आणि जसजसा साधक पुढे जातो तसतसे शिकणे सुरू होते. ते सोळाव्या टप्प्यापर्यंत, म्हणजे सर्व काही सोडून देण्याच्या भावनेपर्यंत, थांबत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, सोळाही टप्प्यांत श्वास घेणे आणि सोडणे यांचा निर्देश कायम आहे. प्रीती जाणत श्वास घेणे, चित्त प्रसन्न करीत श्वास घेणे, अनित्यता पाहत श्वास घेणे अशी ही रचना आहे. विषय सूक्ष्म होत जातो. श्वास मात्र एकाही टप्प्यात गळत नाही. पहिली पायरी मागे टाकली, असे म्हणण्यास या मांडणीत जागाच नाही.

सतिपट्ठानसुत्तातही हीच प्रवृत्ती दिसते. तेथे कायानुपश्यनेचे चौदा, वेदना व चित्त यांचा प्रत्येकी एक आणि धर्मानुपश्यनेचे पाच असे एकूण एकवीस विभाग परंपरेने मोजले जातात. पहिला विभाग आनापानाचा आणि अखेरचा चार आर्यसत्यांचा आहे. प्रत्येक विभागानंतर एक पालुपद येते. आपल्या ठायी व बाहेर पाहणे, उत्पत्ती व लय पाहणे आणि जगात कशालाही न चिकटता राहणे, असा त्याचा आशय आहे. आर्यसत्यांनंतर येणारे हे पालुपद श्वासाच्या विभागानंतरही त्याच स्वरूपात येते. श्वासाच्या साधनेला कमी खोलीचे पालुपद आणि आर्यसत्यांना अधिक खोलीचे, असा भेद सुत्तकारांनी केलेला नाही.

याच सुत्तात श्वासासाठी कातारी कारागिराचा दृष्टान्त आहे. लाकूड कातताना लांब फेरा घेतला की लांब, आखूड घेतला की आखूड असे तो जाणतो. सुत्तात येथे कुशल कातारी आणि त्याचा शागीर्द या दोघांचाही उल्लेख आहे. दोघांच्या हातांतील कौशल्यात फरक असणारच. परंतु फेरा लांब की आखूड हे जाणण्याची क्रिया दोघांनाही सारखीच करावी लागते. उस्ताद झाला म्हणून कातारी फेऱ्याकडे पाहणे सोडत नाही. सोडले तर लाकूड बिघडते.

परतणे की पतन? जांभळीखालचा प्रसंग

आरंभाकडे परतण्याचे सर्वांत मोठे उदाहरण बुद्धचरित्रातच आहे. मज्झिमनिकायातील महासच्चकसुत्तात गौतमाच्या तपश्चर्येचे जे वर्णन येते, त्यात श्वास रोखून धरण्याचा प्रयोग ठळकपणे आला आहे. तोंड, नाक आणि कान यांवाटे होणारी श्वासाची ये-जा रोखल्यावर डोक्यात, पोटात आणि सर्वांगात उठणाऱ्या असह्य वेदनांची वर्णने तेथे आहेत. उपवासाने देहाचा सापळा झाल्यावरही इष्ट ज्ञान हाती लागत नाही. तेव्हा त्यांना लहानपणची एक गोष्ट आठवते. वडील शेतीच्या कामात असताना जांभळीच्या थंड सावलीत बसलेल्या मुलाचे चित्त सहज एकाग्र झाले होते. हाच तर मार्ग नसेल, असा विचार त्यांच्या मनात येतो.

येथे आठवणे आणि परतणे या दोन क्रिया एकत्र आल्या आहेत. अट्ठकथेची परंपरा तर जांभळीखालचे ते ध्यान श्वासावरचेच होते असे मानते. तसे मानल्यास विरोध अधिक स्पष्ट होतो. वर्षानुवर्षांच्या उग्र साधनेत श्वासावर बळजबरी होती. बालपणीच्या त्या प्रसंगात श्वास केवळ जाणला गेला होता. परतणे येथे एका तंत्राकडून दुसऱ्या तंत्राकडे जाणे एवढेच नाही. ते बळजबरीकडून जाणण्याकडे येणे आहे.

या प्रसंगाचा पुढचा भाग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. गौतम अन्न ग्रहण करू लागल्यावर सोबतचे पाच तपस्वी त्यांना सोडून जातात. हा साधनेतून ढळला, सुखासीन झाला, असा त्यांचा निष्कर्ष असतो. ज्या वळणावर बोधीचा मार्ग खुला झाला, ते वळण जवळच्या सहकाऱ्यांना पतन वाटले. साधनेचे मोजमाप कष्ट, वर्षे आणि पद्धतीची दुर्मीळता यांवर केले, म्हणजे असा निष्कर्ष निघतो. आजच्या साधकाला वाटणारा संकोच म्हणजे हे पाच तपस्वी त्याच्याच मनात येऊन बसलेले असणे होय.

तथापि परतण्याची प्रत्येक इच्छा निर्दोष असते, असे म्हणता येणार नाही. पहिल्या शिबिरात लाभलेल्या शांतीची गोडी पुन्हा मिळावी, ही ओढही त्यामागे असू शकते. ती ओढ म्हणजे आसक्तीच होय. महासच्चकसुत्तात याचाही विचार झाला आहे. कामभोगापासून अलग असलेल्या सुखाला भिण्याचे कारण नाही, असे गौतम ठरवतात. मात्र ते सुख चित्ताचा ताबा घेत नाही, असेही तेथे नमूद आहे. जांभळीखालचे बालपण त्यांना परत मिळवावयाचे नव्हते. तेथे दिसलेला मार्ग त्यांना चालावयाचा होता. आठवणीत रमणे आणि आठवणीने भानावर येणे यांतील हा भेद दीर्घकाळच्या साधकाने स्वतःपुरता तपासणे आवश्यक आहे.

वैशाली आणि इच्छानंगल

संयुत्तनिकायाच्या आनापानसंयुत्तात दोन प्रसंग असे आहेत की, ज्यांतून या साधनेचे गांभीर्य ध्यानात यावे. पहिला प्रसंग वैशालीच्या महावनातील आहे. बुद्धांनी भिक्षूंना अशुभभावना, म्हणजे देहाच्या अमंगलतेचे चिंतन, सांगितले आणि ते पंधरा दिवस एकांतात गेले. या काळात अनेक भिक्षूंना स्वतःच्या देहाची इतकी किळस आली की त्यांनी आपले जीवन संपवले. परत आल्यावर संघ विरळ झालेला पाहून बुद्धांनी कारण विचारले. आनंदाने ते सांगितले आणि दुसरा एखादा मार्ग सांगण्याची विनंती केली. तेव्हा आनापानस्मृतीचा उपदेश झाला. उन्हाळ्याच्या अखेरच्या महिन्यात उडालेली धूळ मोठ्या अवकाळी पावसाने बसावी, तशी ही भावना अकुशल विचारांना शमवते, असा दृष्टान्त तेथे आहे. विनयपिटकातील तिसऱ्या पाराजिक नियमाची पार्श्वभूमी म्हणूनही हाच प्रसंग येतो.

हा प्रसंग अस्वस्थ करणारा आहे आणि परंपरेने तो लपवलेला नाही. ध्यानसाधना ही सर्वदा व सर्वांना हितकारकच असते, या सुलभ समजाला येथे छेद जातो. तीव्र पद्धती चुकीच्या मनोवस्थेत जीवघेणी ठरू शकते, हे पाली वाङ्मयाने दोन पिटकांत नोंदवून ठेवले आहे. अशा वेळी श्वासाकडे वळणे ही माघार नव्हे. तो सावरण्याचा मार्ग आहे. साधनेत खोल गेल्यावर ज्याचे मन विस्कटते, त्याला आणखी नेट लावण्याचा सल्ला देणाऱ्या मार्गदर्शकाने हा प्रसंग अवश्य वाचावा.

दुसरा प्रसंग इच्छानंगल येथील आहे. बुद्ध तीन महिने एकांतात राहतात; भोजन आणून देणाऱ्या एका भिक्षूखेरीज कोणालाही भेटत नाहीत. वर्षावासात तथागत कोणत्या साधनेत होते असे कोणी विचारल्यास, आनापानस्मृतीत होते असे सांगावे, अशी सूचना ते देतात. ज्यांचे शिकणे अजून बाकी आहे त्यांना ही साधना आस्रवांच्या क्षयाकडे नेते आणि ज्यांचे कार्य पूर्ण झाले आहे त्यांनाही ती याच जीवनात सुखाने व स्मृतिपूर्वक राहण्यास उपयोगी पडते, असे स्पष्टीकरणही तेथे आहे. सर्व मिळवल्यानंतर स्वतः शास्ता जेथे परततो, ते स्थान साधकाला कमीपणाचे वाटावे, यात विसंगती आहे.

जिन्याचे रूपक आणि 'विशुद्धिमग्ग'

या प्रतिपादनावर एक सबळ आक्षेप घेता येतो. जिन्याची कल्पना आधुनिक साधकाने मनाने रचलेली नाही. तिला परंपरेचा आधार आहे. मज्झिमनिकायातील रथविनीतसुत्तात सात रथांचा दृष्टान्त आहे. एका रथाने दुसऱ्या रथापर्यंत जावे, तो सोडून दुसऱ्यावर बसावे, असा तो प्रवास आहे. याच सात विशुद्धींच्या चौकटीवर बुद्धघोषाने पाचव्या शतकात 'विशुद्धिमग्ग' हा ग्रंथ उभारला. त्यात श्वास मोजण्यापासून आरंभ होतो आणि पुढे मोजणे सोडून श्वासाच्या मागोमाग जाणे येते. मार्गाला क्रम आहे, हे नाकारणे परंपरेशी अप्रामाणिकपणाचे ठरेल.

क्रम मान्य करूनही दोन गोष्टी नोंदवाव्या लागतात. रथांच्या दृष्टान्तात मुक्काम ठरलेला आहे आणि तेथे पोहोचल्याची खूण निश्चित आहे. साधकाला मात्र आपण कोणत्या रथावर आहोत, हे कळतेच असे नाही. हा धोका खुद्द बुद्धघोषाने ओळखला होता. विपश्यनेच्या दहा उपक्लेशांची यादी देताना त्याने प्रकाश, प्रीती, प्रशांती, सुख यांबरोबर ज्ञान, उपेक्षा आणि स्मृतीची दृढ उपस्थिती यांचाही समावेश केला आहे. म्हणजे साधनेचे यशच साधकाला अडवू शकते.

दुसरी गोष्ट म्हणजे याच संदर्भात त्याने सांगितलेली महानाग थेराची कथा. हे थेर साठ वर्षे आपण अर्हत झालो आहोत असे समजत होते. त्यांचा शिष्य धम्मदिन्न याने त्यांना ऋद्धीने चाल करून येणारा हत्ती निर्माण करावयास सांगितला. तो हत्ती अंगावर येताच थेर घाबरून उठले. शिष्याने त्यांच्या चीवराचे टोक धरले आणि आस्रव क्षीण झालेल्याला भय असते काय, असे विचारले. थेरांना आपली स्थिती उमगली. त्यांनी शिष्याकडेच आधार मागितला, त्याच्याकडून कर्मस्थान घेतले आणि चंक्रमणाच्या तिसऱ्याच पावलावर त्यांना अर्हत्पद लाभले.

या कथेतील कर्मस्थान कोणते होते, हे तेथे सांगितलेले नाही आणि ते आनापानाचेच होते असे म्हणण्याचा हेतूही नाही. महत्त्वाची आहे ती कृती. साठ वर्षांचा अधिकार असलेला आचार्य आपल्याच शिष्यापुढे विद्यार्थी होतो. साठ वर्षांत जे घडले नाही ते तीन पावलांत घडते. पण साठ वर्षे वाया गेली, असे ग्रंथकार म्हणत नाही. जिन्याची सर्वांत तपशीलवार आखणी करणाऱ्या ग्रंथातच ही कथा यावी, हे अर्थपूर्ण आहे. क्रम मांडणाऱ्यालाही क्रमाचा अभिमान मान्य नव्हता, असा याचा अर्थ घेता येतो.

सतिपट्ठानसुत्ताच्या अखेरीस फलप्राप्तीचा काळ सात वर्षांपासून सात दिवसांपर्यंत उतरत जातो, त्याचाही येथे विचार करावा. वर्षे आणि फल यांचे गणित सुत्तकारांनी मुद्दाम मोडले आहे. अध्यापनक्षेत्रात सेवाज्येष्ठतेची यादी असते आणि तिला काही प्रशासकीय अर्थ असतो. साधनेत अशी यादी लावता येत नाही, हे या उतरत्या क्रमाचे तात्पर्य होय.

शिबिर, वर्षे आणि समाज

महाराष्ट्रात या प्रश्नाला प्रत्यक्ष संदर्भ आहे. सत्यनारायण गोयंका (१९२४–२०१३) यांनी ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकलेली विपश्यना १९६९ साली भारतात आणली. पुढे नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे धम्मगिरी हे केंद्र उभे राहिले व तेथे १९७६ पासून शिबिरे सुरू झाली. या परंपरेतील दहा दिवसांच्या शिबिरात पहिले सुमारे तीन दिवस आनापान असते आणि चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते. जुन्या साधकांनाही प्रत्येक वेळी याच क्रमाने जावे लागते. दीर्घ शिबिरांत तर सुमारे एक-तृतीयांश काळ आनापानालाच दिलेला असतो. संघरक्षित (१९२५–२०१८) यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणातही आनापानस्मृती आणि मैत्रीभावना या दोन मूलभूत साधना मानल्या गेल्या. म्हणजे परतण्याची तरतूद व्यवस्थेतच आहे. तरीही तिची सवय झाली की जुना साधक पहिले तीन दिवस 'पूर्वतयारी' म्हणून ढकलतो आणि चौथ्या दिवसाची वाट पाहतो. शाळकरी मुलांच्या शिबिरांत केवळ आनापान शिकवले जाते, यामुळे 'हे तर मुलांचे' हा समज आणखी पक्का होतो. जांभळीखाली बसलेलाही एक मुलगाच होता, याचा विसर पडतो.

महाराष्ट्राच्या संदर्भात आणखी एक आक्षेप दुर्लक्षिता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) या ग्रंथात धम्माची मांडणी माणसामाणसांतील न्याय्य नात्यांच्या पायावर झाली आहे. त्या दृष्टीने श्वासाकडे परतणे म्हणजे समाजाकडे पाठ फिरवणे नव्हे काय, असा प्रश्न विचारला जातो आणि तो रास्त आहे. श्वासाची साधना अन्यायाचे निवारण करीत नाही. सुत्तात तसा दावाही नाही. तिला सामाजिक कृतीचा पर्याय म्हणून पुढे करणे हा तिचा गैरवापर होय. मात्र सुत्ताच्या पालुपदात आपल्या ठायी पाहण्याबरोबर बाहेर पाहणेही आहे आणि अट्ठकथा त्याचा अर्थ दुसऱ्या व्यक्तीचा श्वास असा करते. दुसऱ्याचाही श्वास आपल्यासारखाच येतो-जातो, हे जाणणे समाजापासून दूर नेणारे नाही. आनापानसतिसुत्ताचा आरंभही ज्येष्ठांनी नव्यांना शिकवण्याच्या दृश्याने होतो. जो स्वतः आरंभाकडे परत येऊ शकतो, तोच नवागताच्या अडचणी पुन्हा ओळखू शकतो. ज्याला आपला पहिला धडा आठवत नाही, त्याचे शिकवणे कोरडे होते, हा अनुभव अध्यापकांना अपरिचित नसावा.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. 'सति' या शब्दातच परतण्याचा अर्थ सामावलेला आहे आणि मराठीतील 'भानावर येणे' हा प्रयोग तो अधिक नेमकेपणाने व्यक्त करतो. आनापानसतिसुत्त व सतिपट्ठानसुत्त यांच्या रचनेत श्वास कोठेही मागे टाकलेला नाही. महासच्चकसुत्त, वैशालीचा प्रसंग आणि इच्छानंगलचा एकांतवास यांत परतणे हे अनुक्रमे शोधाचे, सावरण्याचे आणि पूर्णतेचे रूप घेऊन येते. मार्गाला क्रम असला तरी क्रमाचा अभिमान हा मार्गातील अडथळा आहे, हे 'विशुद्धिमग्गा'लाही मान्य आहे.

मधल्या वर्षांचे काय, हा आरंभीचा प्रश्न तरीही उरतो. त्याचे उत्तर बहुधा असे देता येईल की, ती वर्षे साधकाच्या खात्यावर जमा झालेली नसतात आणि वजाही झालेली नसतात. त्या वर्षांत तो किती वेळा विसरला आणि किती वेळा भानावर आला, एवढीच त्यांची हकीकत असते. ही हकीकत मराठीत फारशी लिहिली गेलेली नाही. पहिल्या शिबिराच्या अनुभवकथनांबरोबरच वीस वर्षांनंतर पुन्हा पहिल्या श्वासापाशी बसणाऱ्या साधकाचे प्रांजळ कथन मराठीत यावे आणि अभ्यासकांनी त्याची साधार चिकित्सा करावी, अशी अपेक्षा येथे व्यक्त करावीशी वाटते.